मोठ्यांचे डायपर: महिन्याचा खर्च आणि काही गैरसमज

घरात लघवीवर ताबा न राहिलेले माणूस असले की किराण्याच्या यादीत डायपर येतात, आणि मग ते यादीतून जात नाहीत. एक डायपर 40 रुपयांचा धरला आणि दिवसाला चार लागले, तर महिन्याला 4,800 रुपये. हा खर्च आटोक्यात ठेवायला घरोघरी जे उपाय होतात, त्यांतले बरेचसे महागात पडतात.

"एक साइज मोठा घ्या, जास्त टिकतो."
टिकत नाही, गळतो. साइज कंबरेच्या घेराची असते, किती लघवी शोषणार त्याची नव्हे. मांडीशी फट राहिली की डायपर निम्मा कोरडा असतानाच चादर भिजते. कंबर आणि नितंब दोन्ही फितीने मोजा, जो घेर जास्त तो पाकिटावरच्या मापाशी ताडून पाहा.

"रात्री दोन चढवले की सकाळपर्यंत चिंता नाही."
आतल्या डायपरला बाहेरून प्लास्टिकचा थर असतो. तो भरला की ओल बाहेरच्या डायपरमध्ये झिरपत नाही, कडेने ओघळते. म्हणजे दुसरा डायपर जवळजवळ फुकट. रात्रीसाठी जास्त शोषणारा एकच घ्यावा.

"पूर्ण भरल्याशिवाय बदलायचा नाही."
शी झाली असेल तर तो तत्काळ बदलायचा, इथे काटकसर नाहीच. ओल आणि शी त्वचेला लागून राहिली की त्वचा सोलवटते. त्यात माणूस झोपूनच असेल तर जखमा होतात, आणि मलमे, ड्रेसिंग, घरी येणारी नर्स यांपुढे डायपरचे पैसे किरकोळ वाटतात. उलट घड्याळ लावून कोरडा डायपर फेकणारेही आहेत. बऱ्याच डायपरवर ओलाव्याने रंग बदलणारी पट्टी असते, ती पाहावी.

"पाणी कमी पाजलं की डायपर कमी लागतील."
हा सगळ्यांत घातक. पाणी कमी झाले की लघवी गडद होते आणि मूत्राशयाला चुरचुरते, घाई वाढते, संसर्गाची भीती वाढते. वर बद्धकोष्ठता, आणि तिने गळती आणखी. दिवसभर नीट पाणी द्यावे. संध्याकाळनंतरचा चहा तेवढा कमी करावा. (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचे प्रमाण डॉक्टर सांगतील तेच.)

"वय झालं, आता हे चालायचंच."
खरी बचत इथे अडकलेली असते. वाढलेली साखर, मूत्रमार्गाचा संसर्ग, प्रोस्टेट, साचलेला मळ, लघवीच्या गोळीची चुकीची वेळ, यांतले काहीही कारण असू शकते आणि त्यावर उपाय आहेत. तीन दिवस वहीत लिहा: पाणी केव्हा, लघवी केव्हा, गळती केव्हा. डॉक्टरांना ती वही दाखवा. गळती ठरावीक वेळी होत असेल तर त्याआधी बाथरूमला नेता येते. खोकताना-शिंकताना गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत आणि काही महिने नेटाने करावेत. थोडीच गळती असणाऱ्याला दिवसा अख्खा डायपर कशाला, आतून लावायचा पॅड पुरतो.

बाथरूमपर्यंत पोचता न आल्यामुळेच डायपर लागलेला असेल, तर पलंगाशेजारी कमोड खुर्ची किंवा पुरुषांसाठी लघवीचे भांडे ठेवा. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात, आणि त्या साधनांत कमोड खुर्ची आहे.

"जुनी सुती साडी असताना विकतचं कशाला?"
साडीच्या घड्या अंथरायला उत्तम, पण ओले कापड अंगाला आणि खाली रबरशीट, असे तासन् तास नको. धुऊन वापरायचे अंडरपॅड मिळतात. दोन-तीन आलटून पालटून वापरले की गादी वाचते. धुताना सॉफ्टनर नको, शोषण्याची ताकद जाते.

"मेडिक्लेम आहे ना!"
विमा नियामकाच्या न दिल्या जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत डायपर आहे, त्यामुळे साध्या पॉलिसीत रुग्णालयाच्या बिलातलेही हे पैसे बहुधा खिशातूनच जातात. अशा वस्तूंसाठी वेगळे जादा संरक्षण घेतले असेल तर गोष्ट निराळी. डायपरवरचा जीएसटी मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जनऔषधी केंद्रांच्या यादीतही प्रौढांचे डायपर आहेत. जाण्याआधी साठा आहे का, हे फोनवर विचारावे, आणि एकगठ्ठा घेण्यापूर्वी एक छोटे पाकीट अंगाला मानवते का ते पाहावे.