धातूच्या पत्र्यावरची छायाचित्रे

कॅमेऱ्यात पत्रा बसवायचा, त्यावर चित्र उमटवायचे आणि तोच पत्रा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, अशी एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाची एक रीत होती. वेगळी निगेटिव्ह नसे. दुसरी प्रत हवी असेल तर त्या चित्राचेच पुन्हा चित्र घ्यावे लागे.

यातली पहिली यशस्वी पद्धत डगेरोटाइप. लुई दागेर यांच्या या पद्धतीची कृती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदी चढवून ती आरशासारखी लखलखीत घासत. अंधारात आयोडीनची वाफ दिली की तिच्यावर प्रकाशाने बदलणारा पातळ थर बसे. कॅमेऱ्यातून काढलेल्या पत्र्यावर मात्र डोळ्यांना काहीच दिसत नसे. गरम केलेल्या पाऱ्याची वाफ लागल्यावर उजेड पडलेल्या जागी पारा आणि चांदीचे सूक्ष्म, पांढुरके कण जमत आणि चित्र उमटे. ही वाफ विषारी, आणि छायाचित्रकाराचा तिच्याशी रोजचा संबंध. शेवटी हायपो या रसायनाच्या द्रावणात पत्रा धूत. चित्र इतके नाजूक की बोट लागले तरी पुसले जाई, म्हणून ते काचेखाली डबीत ठेवत. आजही असा पत्रा हातात घेऊन तिरपा केला, की पॉझिटिव्ह दिसणारा चेहरा क्षणात निगेटिव्ह होतो. चकचकीत चांदीत समोरचा काळोख पडतो की उजेड, यावर ते ठरते.

सुरुवातीला पत्र्याला प्रकाश कित्येक मिनिटे द्यावा लागे. दागेर यांनी १८३८च्या सुमारास पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले, त्यात चालती माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत. ठळक दिसतो तो बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस.

नंतर आलेली टिनटाइप ही पद्धत स्वस्त आणि टिकाऊ. अदोल्फ मार्तँ यांनी ही कल्पना १८५३ मध्ये फ्रान्समध्ये मांडली, तर अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ यांना १८५६ मध्ये पेटंट मिळाले. काळे रोगण दिलेल्या पातळ लोखंडी पत्र्यावर कलोडियन हा चिकट द्रव ओतून तो सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवत आणि ओला असतानाच चित्र घेत. उमटलेली चांदी फिकट करडी असते. काळ्या रोगणावर ती उजळ भासते आणि जिथे चांदी नाही तिथे सावली दिसते. वर वार्निश दिले की काम झाले. फुटायची भीती नसल्याने असे पत्रे टपालानेही जात. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांनी ते घरी धाडले.

दोन्ही पद्धतींत सहसा डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. बिली द किड या अमेरिकी गुन्हेगाराच्या प्रसिद्ध टिनटाइपमुळे तो डावखुरा होता असा समज बराच काळ टिकला. त्याच्या हातातल्या विंचेस्टर रायफलीने तो खोडून काढला: तिच्यात काडतुसे भरायची खिडकी उजव्या अंगाला असते, चित्रात ती डाव्या अंगाला दिसते.