पंचनाम्याआधी ताप उतरवावा

पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची हद्द आखणारी नीरा ओलांडून शिरवळला येणाऱ्या महामार्गाने या भागात कारखानदारी आणि सुबत्ता आणली. परंतु 2024 च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आणि मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी गावी, बाजारात ‘एमडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेफेड्रोनचा मुद्देमाल पोलिसांनी जप्त केल्यावर, कृत्रिम मादक द्रव्ये ही केवळ मुंबई-गोव्याकडची चैन होय, ही आपली सोयीस्कर समजूत टिकण्यासारखी राहिली नाही.

अशा द्रव्याने बेभान झालेला इसम रात्री दवाखान्यात दाखल होतो, तेव्हा डॉक्टरांपुढील पहिला पेच हा की, पुडीचे नाव आणि पुडीतील द्रव्य यांचा मेळ बसेलच असे नाही. एलएसडी म्हणून विकलेल्या टिपकागदाच्या तुकड्यावर कित्येकदा एनबोम जातीचे संयुग निघते. एलएसडीने मन भ्रमले तरी देह सहसा तगतो, एनबोमने मात्र आचके येऊन माणसे दगावली आहेत, आणि लघवीच्या नेहमीच्या चाचणीत ते सापडतही नाही.

म्हणून जाणता डॉक्टर नावाच्या मागे न लागता देहाचीच जबानी घेतो. आपल्या परिचयाच्या धोतऱ्याच्या विषबाधेतही बाहुल्या विस्फारतात आणि रोगी बरळतो, पण त्याची त्वचा कोरडी पडते. येथे ती बहुधा घामाने डबडबलेली असते. या नव्या विषांना नेमका उतारा नाही. श्वास आणि रक्तातील साखर पाहून, शिरेतून लोराझेपाम किंवा मिडाझोलाम देऊन क्षोभ शमवणे, सलाईन चालू करणे आणि हृदयालेख काढणे, हाच उपचाराचा गाभा. खाटेला करकचून बांधण्याची आपल्याकडील हौस येथे घातक ठरते. कारण रोगी जितका झगडतो तितके स्नायू तापतात, फुटतात, आणि त्यांतून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडे निकामी करते. हा ताप स्नायूंच्या अतिश्रमाचा असल्यामुळे पॅरासिटामॉलला तो दाद देत नाही. तो 41 अंश सेल्सिअसच्या घरात पोचला, तर बर्फाच्या पाण्याने अंग निववण्यास एक क्षणही विलंब लावू नये.

पण पोलिसी ससेमिऱ्याच्या भयाने सोबती 108 क्रमांक फिरवण्यास कचरतात, किंवा रोग्याला दाराशी टाकून पसार होतात. वास्तविक, परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच निःसंदिग्धपणे बजावले आहे की, रोगी निरपराध असो वा गुन्हेगार, आधी प्राणरक्षण आणि मग कायद्याचे सोपस्कार.