जलपर्णीत किती आग?

पवई तलावावर जलपर्णी पसरली की एक सूचना हमखास येते: काढा आणि जाळून वीज करा. सूचना चांगल्या मनाची आहे, पण आधी हिशोब करायला हवा.

तो होतो बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये. वाळवून दळलेल्या जलपर्णीची 1 ग्रॅमची गोळी जाड पोलादी भांड्यात ठेवायची, आत सुमारे 30 वातावरण दाबाने ऑक्सिजन भरायचा आणि भांडं पाण्यात बुडवायचं. गोळीला टेकलेल्या बारीक तारेतून वीज सोडली की क्षणात सगळं जळतं. मग पाऱ्याकडे डोळे लावून बसायचं.

पण एक अंश म्हणजे किती उष्णता? त्यासाठी आधी बेंझोइक आम्ल जाळतात. त्याच्या 1 ग्रॅममधून 26.4 किलोज्यूल निघतात, हे पक्कं ठाऊक असतं. त्याने पाणी 2.64 अंशांनी तापलं, तर एका अंशाला 10 किलोज्यूल. जलपर्णीने समजा 1.4 अंश चढवले, तर तिची ऊर्जा 14 किलोज्यूल. तारेची उष्णता तेवढी वजा करायची. भांडं बंद, आकारमान कायम; त्यामुळे ऊर्जा बाहेरची हवा ढकलण्यात खर्च होत नाही.

खरी मेख पुढे आहे. ताज्या जलपर्णीत सुमारे 95 टक्के पाणी असतं. म्हणजे 1 किलोत कोरडा भाग 50 ग्रॅम, ऊर्जा 700 किलोज्यूल. उरलेल्या पाण्याची वाफ करायला मात्र 2,000 किलोज्यूलहून जास्त लागतात! ऊन फुकट वाळवून देईल, पण त्याला मोकळी जागा हवी. मुंबईत ती कुठून आणायची? मला बायोगॅसच बरा वाटतो, त्यातल्या जिवाणूंना ओलं चालतं.