तेलात निसटणारं रोडियम

पुण्याहून नगरकडे येताना सुप्याची एमआयडीसी लागली की सोबतचे विचारतात, इथं काय काय बनतं? मला बरीच वर्षं छळणारा प्रश्न वेगळा आहे. माल बनल्यावर त्यातला उत्प्रेरक परत कसा काढायचा? लोखंड-निकेल गेलं तर गेलं. पण रोडियमचा भाव 2021मध्ये औंसाला 29 हजार डॉलरच्या घरात पोचला होता, सोन्याच्या पंधरापटीहून जास्त. ते मालात विरघळून निघून गेलं तर कारखानदाराचं दिवाळंच.

जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या रूरकेमी कारखान्यात 1984पासून यावर तोडगा चालू आहे. रोडियमला धरणाऱ्या फॉस्फिन या रेणूला पाण्यात विरघळणारे सल्फोनेट गट जोडले, रोडियम पाण्यात बांधलं गेलं. प्रोपिलीनपासून तयार झालेलं ब्युटिराल्डिहाइड वरच्या थरात, धातू खाली पाण्यात. प्रोपिलीन पाण्यात थोडंफार विरघळतं म्हणून हे जमलं. आठ कार्बनचं ऑक्टीन पाण्याला जवळजवळ शिवतच नाही, आणि विक्रिया रेंगाळते.

इथं पुण्याचा एक निबंध आहे, ज्याच्या मी प्रेमात आहे. 'नेचर', 1995, खंड 373, पानं 501 ते 503. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) आर. व्ही. चौधरी, बी. एम. भानगे, आर. एम. देशपांडे आणि फ्रान्सचे देल्मास. रोडियम पाण्यात राहावं म्हणून सगळे धडपडत असताना या मंडळींनी तेलात, म्हणजे ऑक्टीनच्या थरात, मुद्दाम ट्रायफेनिलफॉस्फिन टाकलं. ते पाण्यात उतरत नाही, पण रोडियमला घट्ट धरतं. त्यामुळे धातू दोन थरांच्या सीमेवर ओढला गेला आणि ऑक्टीनशी त्याची गाठ पडली. वेग 10 ते 50 पट वाढला. धाडस तर खरंच! ट्रायफेनिलफॉस्फिनचं हे आमिष जास्त झालं तर धातू तेलातच पळेल, ही धास्ती मात्र राहतेच.

दुसरी वाट सीमाच पुसून टाकते. टेक्सासमधल्या बर्गब्राइटर यांच्या गटाने 1998च्या सुमारास हेप्टेन आणि 90 टक्के इथेनॉल ही जोडी वापरली. थंड असताना दोन थर, 70 अंशांना एकच द्राव. तापवलं की विक्रिया, निवलं की फाळणी. धातू कोणत्या थरात जाणार, हे त्याला धरणाऱ्या, फॉस्फिन जोडलेल्या पॉलिमरवर ठरतं. फांद्याफांद्यांच्या पॉलिमरचा फायदा असा, की त्याला टोकं भरपूर, म्हणून धातू धरायच्या जागाही भरपूर; शिवाय तेवढ्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा द्राव कमी चिकट होतो.

कागदावर झकास. पण चार-पाच फेऱ्या दाखवून थांबणारे निबंध मला पटत नाहीत. दर फेरीला 99 टक्के धातू परत आला, तरी पन्नास फेऱ्यांनंतर उरतो 60 टक्के. त्यात फॉस्फिनला हवा लागली की त्याचं ऑक्साइड होतं आणि पकड सुटते. पॉलिमर इमानाने आपल्या थरात परततो. रोडियम तोवर मालाच्या पिंपात गेलेलं असतं.