पुन्हा सांगतो, ऐका

शाळेत निबंधात एकच गोष्ट दोनदा आली, की गुरुजी समासात लाल शाईने ‘पुनरुक्ती’ असे लिहीत. पुढे कविता लिहू लागलो, तेव्हा तर एक शब्द जास्त झाला तरी टोचायचा. हीच सवय घेऊन भाषणाला उभा राहिलो आणि फसलो.

जून २०२३. मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव झाला होता. आमच्या गल्लीत दोन्ही समाजांची छोटी बैठक बसली. ‘आधी पडताळा, मग पाठवा,’ एवढेच मला सांगायचे होते. मी ते एकदा सांगितले आणि खाली बसलो. शेजारच्या चाचांनी विचारले, ‘काय म्हणालास रे?’ अफवा दहा तोंडांनी फिरत होती आणि माझे वाक्य एकदाच उच्चारले गेले होते.

वाचणाऱ्याचा डोळा मागच्या ओळीवर जाऊ शकतो, ऐकणाऱ्याचा कान जाऊ शकत नाही. कुणी खोकले, मूल रडले, की वाक्य गेलेच. म्हणून बोलणाऱ्यालाच मागे वळावे लागते.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. कीर्तनकार दृष्टान्त संपवून पुन्हा अभंगाच्या त्याच चरणावर येतो. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलून धरतात. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो, उत्कंठा वाढवतो, मग दुसरी ऐकवतो. ती भिडली, की ‘मुकर्रर’, म्हणजे ‘पुन्हा’, अशी दाद येते. वॉशिंग्टनमध्ये २८ ऑगस्ट १९६३ रोजी मार्टिन ल्यूथर किंग आपल्या स्वप्नाचे तेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत होते, पण दर वेळी त्यात नवे चित्र भरत होते.

खरी मेख इथेच आहे. वाक्य तेच असावे, पण दर खेपेला सोबत नवे काही यावे. आधी नुसते विधान, मग ओळखीचे उदाहरण, मग त्याचा परिणाम. नाहीतर नुसते चऱ्हाट होते.

पुढच्या बैठकीत मी तसेच केले. जुना फोटो नवा म्हणून कसा फिरतो ते सांगितले आणि म्हणालो, ‘आधी पडताळा, मग पाठवा.’ दुकान बंद राहिले, की रोजंदारीवाल्याच्या घरी काय शिजते ते विचारले आणि पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या वेळी मी ‘आधी पडताळा’ म्हटले आणि पुढचे दोन शब्द मागे बसलेल्या पोरांनीच पुरे केले.

रसवंतीवाला ऊस एकदाच चरकातून काढून टाकत नाही. दुमडून पुन्हा घालतो, कारण आत रस असतो. चिपाड उरले, की मात्र तो थांबतो. वक्त्यानेही तेवढे ओळखावे.