पडद्यावरचा लंबक आणि चौकटीवरचा लंबक

१८०५ साली लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात चौदा वर्षांचा एक मुलगा उमेदवारीला राहिला. हा लोहाराचा मुलगा. लिहिणे, वाचणे आणि थोडी आकडेमोड एवढीच त्याची शाळेची शिदोरी. दुकानात जी पुस्तके बांधायला येत ती तो फावल्या वेळात वाचून काढी. त्यांत ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख होता, तसेच जेन मार्सेट या विदुषीने रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तकही होते. ज्ञान असे फुकट, आपल्या पायांनी चालत दुकानात येत होते.

पण हा मुलगा नुसते वाचून थांबत नसे. चार पैशांत जमतील ते प्रयोग तो स्वतः करून पाही. काचेच्या बाटलीपासून त्याने घर्षणाने वीज निर्माण करणारे छोटेसे यंत्रही बनवले. पुढे १८१२ साली त्याने हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुबक बांधून डेव्हींना पाठवली, आणि १८१३ साली तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. १८३१ साली त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज आपल्या घरात जी वीज येते तिच्यापैकी बरीचशी त्याच तत्त्वावर चालणाऱ्या जनित्रांतून येते. हा मुलगा म्हणजेच मायकेल फॅरडे, हे तुम्ही ओळखले असेलच.

आज फॅरडेची आठवण होण्याचे कारण आमच्याच इमारतीत घडले. तेच तुम्हांला सांगणार आहे.

घरीच शिकणारी मुलगी

आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. त्यांची चौदा वर्षांची मुलगी शाळेत जात नाही, घरीच शिकते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही १९८९ साली स्थापन झालेली संस्था अशा विद्यार्थ्यांची माध्यमिक परीक्षा घेते. त्या परीक्षेची तिची तयारी चालू होती. एके रविवारी तिची आई तिला घेऊन माझ्याकडे आली.

"सर, संगणकावर सगळे मिळते हो, आणि तेही फुकट," त्या म्हणाल्या. "धडे आहेत, व्याख्याने आहेत, चित्रफिती आहेत. पण प्रयोगाची वही काही पुढे सरकत नाही."

मुलीने वही माझ्यापुढे ठेवली. पानावर साध्या लंबकाचा प्रयोग होता. निरीक्षणांचा तक्ता भरलेला होता, पण उत्तराची जागा मात्र कोरी होती.

"काका, माझे उत्तर चुकले आहे," ती हळूच म्हणाली. "पुस्तकात गुरुत्व त्वरण ९.८ आहे. तेवढेच लिहून टाकू का?"

हा प्रश्न ऐकून मी क्षणभर गप्प झालो. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी त्या 'सगळे फुकट मिळते' या गोष्टीचा विचार करू.

ज्ञानाचे खुले दुकान

इंटरनेटवर आज खरोखरच मोठा खजिना आहे. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेने २००१ साली जाहीर केले, की आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य आम्ही जगाला विनामूल्य वाचू देऊ. दुसऱ्याच वर्षी युनेस्कोच्या एका बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक संसाधने' हे नाव मिळाले. सलमान खान या गृहस्थांनी २००४ साली नात्यातल्या एका मुलीला दूर अंतरावरून गणित शिकवायला सुरुवात केली. पुढे ते आपले धडे चित्रफितींच्या रूपाने यूट्यूबवर ठेवू लागले, आणि त्यातूनच 'खान अकॅडमी' उभी राहिली. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात लंबक, विद्युतमंडल, भिंग अशा कितीतरी गोष्टी पडद्यावर हलवून पाहता येतात. त्यांतील बरेच प्रयोग मराठीतूनही आहेत.

आपल्याकडेही काही कमी नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके घरबसल्या उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज तो कोश कोणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतो. केंद्र सरकारचे 'दीक्षा' आणि 'स्वयम्' हे उपक्रम २०१७ सालापासून चालू आहेत. पुण्याच्या आयुका या संस्थेत बालविज्ञान केंद्र चालवलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनवायची शेकडो वैज्ञानिक खेळणी आपल्या संकेतस्थळावर मांडली आहेत. शिक्षकांसाठी आणखी एक सांगतो. रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात दिलेली भौतिकशास्त्रावरील व्याख्याने २०१३ सालापासून इंटरनेटवर विनामूल्य वाचता येऊ लागली. आमच्या विद्यार्थिदशेत ते तीन खंड ग्रंथालयातच बसून वाचावे लागत.

म्हणजे फॅरडेच्या दुकानात जी पुस्तके बांधायला येत, त्यांच्या लाखपट पुस्तके आज घरात येतात. मग त्या मुलीची वही का अडली?

कुलपाचा लंबक

तिने 'फेट'वरचा लंबक पाहिला होता. लांबी वाढवली की लंबक सावकाश झुलतो, वजन वाढवले तरी आवर्तकाल बदलत नाही, हे तिला उत्तम समजले होते. नंतर तिने घरी दाराच्या चौकटीवरील खिळ्याला पतंगाचा मांजा नसलेला दोरा बांधला आणि खाली एक छोटे कुलूप अडकवले. आईची शिवणकामाची टेप आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच ही तिची साधने. वीस आंदोलनांचा वेळ मोजून त्याला वीसने भागायचे, म्हणजे आवर्तकाल मिळतो. मोजताना सुरुवातीला 'एक' न म्हणता 'शून्य' म्हणायचे, हेही तिने लक्षात ठेवले होते. नाहीतर वीसऐवजी एकोणीसच आंदोलने मोजली जातात!

तिची निरीक्षणे अशी होती : दोऱ्याची लांबी ५० सेंटिमीटर असताना वीस आंदोलनांना २९.१ सेकंद लागले, ७५ सेंटिमीटरला ३५.४ सेकंद आणि १०० सेंटिमीटरला ४०.७ सेकंद.

आता सूत्र पाहा. मीटरमधील लांबीला ३९.४८ ने (म्हणजे 'पाय'च्या वर्गाच्या चौपटीने) गुणायचे आणि आवर्तकालाच्या वर्गाने भागायचे, की गुरुत्व त्वरण मिळते. तिची उत्तरे आली ९.३२, ९.४५ आणि ९.५३. तिन्ही उत्तरे ९.८ पेक्षा कमी.

मी तिला म्हटले, "उत्तर बरोबर की चूक ते राहू दे. या तीन आकड्यांकडे नीट पाहा. काही दिसते का?"

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, दोरा लांब केला की उत्तर सुधारते आहे."

मित्रांनो, खरे विज्ञान इथे सुरू झाले. घड्याळाचे बटण दाबताना हात थोडा पुढेमागे झाला असता, तर उत्तर कधी कमी, कधी जास्त आले असते. पण तिची उत्तरे ओळीने एकाच बाजूला चुकत होती, आणि लांबी वाढेल तशी चूक कमी होत होती. याचा अर्थ प्रत्येक वेळी लांबीच मोजताना ठरावीक एवढी चूक होत असली पाहिजे. समजा, दरवेळी दोन-तीन सेंटिमीटर कमी मोजले जातात. पन्नासात ही तूट मोठी वाटते, शंभरात तीच लहान ठरते. व्यापाऱ्याचा तराजू दरवेळी पन्नास ग्रॅमने खोटा असेल, तर पाव किलो घेणाऱ्याचे जास्त नुकसान होते आणि पाच किलो घेणाऱ्याला ते जाणवतही नाही. तसेच हे.

"लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीस?" मी विचारले.

"खिळ्यापासून गाठीपर्यंत." असे म्हणून ती थबकली. "पण कुलूप तर गाठीच्या खाली आहे!"

लंबकाची लांबी टांगलेल्या वस्तूच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजावी लागते. पडद्यावरच्या लंबकात हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे लांबी आयती मोजलेली असते. कुलपाचा गुरुत्वमध्य कुठे आहे हे कोणत्याही चित्रफितीत सांगितलेले नव्हते. तिने कुलूप पट्टीच्या कडेवर तोलून तो शोधला. गाठीपासून अंतर भरले अडीच सेंटिमीटर. मग ५२.५, ७७.५ आणि १०२.५ सेंटिमीटर या लांब्या धरून तिने पुन्हा गणित केले. उत्तरे आली ९.७९, ९.७७ आणि ९.७७. तिची मुद्रा अशी काही खुलली, की जणू गुरुत्वाकर्षण तिनेच शोधून काढले!

'९.८ लिहून टाकू का?'

आता मी गप्प का झालो ते सांगतो. मी स्वतः महाविद्यालयात शिकत असताना याच प्रयोगात माझे उत्तर चुकले होते. तास संपत आला होता, वही तपासून घ्यायची होती. मी शेजारच्या मित्राचे आकडे उतरवून घेतले, त्यात थोडा फेरफार केला आणि ९.८ लिहून मोकळा झालो. वहीवर सही मिळाली, पूर्ण गुणही मिळाले. पण लांबी गुरुत्वमध्यापर्यंत का मोजायची, हे मला पुढे कित्येक दिवस कळले नाही. गेली अनेक वर्षे मी हा प्रयोग शिकवतो आहे, आणि दरवर्षी काही वह्यांत मला माझेच ते ९.८ दिसते. प्रयोगशाळा होती, उपकरणे होती, शिक्षक होते. तरी त्या दिवशी मी काहीच शिकलो नाही. आणि या मुलीने एक कुलूप, एक दोरा आणि प्रामाणिकपणे लिहिलेले तीन चुकीचे आकडे यांतून खूप काही मिळवले.

म्हणून मला वाटते, मूल शाळेत शिकते की घरी, पुस्तकातून शिकते की पडद्यावरून, यावर फारसे अवलंबून नाही. वाचलेले, पाहिलेले तपासून बघायची सवय त्याला लागते की नाही, आणि तपासताना आलेले उत्तर तो जसेच्या तसे लिहितो की नाही, यावर सारे अवलंबून आहे. फॅरडेनेही नेमके हेच केले.

पालक आणि शिक्षक यांच्यासाठी

घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना, तसेच शाळेत संगणक वापरणाऱ्या शिक्षकांना अनुभवाने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट : एका विषयाला एक मुख्य साधन निवडावे. आज ही चित्रफीत, उद्या ती, असे केले तर मूल नुसते बघत राहते. अर्धा तास पडद्यासमोर गेला, तर निदान तेवढाच वेळ वही आणि हात यांना द्यावा.

दुसरी : 'विनामूल्य' आणि 'मुक्त' यांत फरक आहे. काही साहित्य फुकट पाहता येते, पण छापून वाटण्याची परवानगी नसते. काही साहित्याला क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचा परवाना असतो, त्यात मूळ कर्त्याचे नाव देऊन ते वापरता येते. वर्गात वाटण्यापूर्वी परवाना वाचावा.

तिसरी : फुकट साधनालाही किंमत पडतेच. संगणक लागतो, जोडणी लागते, आणि सर्वांत महाग वस्तू म्हणजे शेजारी बसून 'तुला काय दिसते?' असे विचारणारे मोठे माणूस. ज्या घरात जोडणी धड नाही तिथे 'फेट'चे प्रयोग एकदा उतरवून घेऊन नंतर जोडणीशिवायही चालवता येतात. पण शेजारच्या त्या माणसाची जागा कोणतेच यंत्र भरून काढत नाही. आणि ते माणूस भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असण्याची मुळीच गरज नाही. प्रश्न विचारता आला म्हणजे झाले.

करून पाहा

आता तुमची पाळी. दीड-दोन हात लांबीचा लंबक चौकटीला टांगा. तो अगदी थोडा, चार बोटे बाजूला नेऊन सोडा आणि दहा आंदोलनांचा वेळ मोजा. मग दोरा ताणलेला ठेवून तो ६० अंशांपर्यंत बाजूला न्या, सोडा आणि पुन्हा दहा आंदोलने मोजा. प्रत्येक मोजणी पाच वेळा करून सरासरी काढा. झोका लहान असो की मोठा, वेळ सारखाच लागतो, असे तुम्ही वाचले असेल. तसे खरोखर होते का? त्यानंतर तोच प्रयोग पडद्यावरच्या लंबकावर करा आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडा.

मात्र एक अट आहे. जो आकडा येईल तोच वहीत लिहायचा. वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या वहीत ९.३२ हा आकडा अजूनही तसाच आहे. तिने तो खोडलेला नाही. त्याच्याखाली तिने फक्त एक ओळ लिहिली आहे : 'लांबी कुलपाच्या गाठीपर्यंत मोजली होती.' माझ्या मते त्या वहीतील सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे.