करकर

साडेअकरा वाजलेत. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाबाहेर चपलांच्या स्टँडपुढे रांग लागलीय. फरशी तापलीय. बूट पिशवीत कोंबून मी टोकन घेतो आणि अनवाणी, टाचा उचलत, सावलीकडे पळतो. पळता पळता एक जुना ठराव आठवतो, 1854 सालचा. सरकारी समारंभात युरोपीय घाटाचे बूट घातलेल्या देशी गृहस्थांना ते पायात ठेवायची मुभा गव्हर्नर जनरलने दिली. देशी जोडा मात्र दाराबाहेर. आणि तो जोडा शिवणाऱ्याला त्या काळी या देवळाचा उंबरा बंद.

दर्शन होतं. बूट परत पायात. पाच-दहा मिनिटं चाललं की चप्पल लाईन.

आधी वास येतो. कमावलेल्या कातड्याचा, थोडा तेलाचा, थोडा तुरट. मग दोन्ही बाजूंना झुंबरासारख्या लटकलेल्या जोड्या. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कच्छकडी. एका दुकानदाराने कोपऱ्यात एक जुनी कापशी जपून ठेवलीय. हातात घेतो तर मनगट खाली जातं. दोन्ही मिळून दोनेक किलो. तळाच्या थरांत विंचू घातलाय, म्हणजे त्या नावाच्या रानझुडपाचं काळं बी. पाऊल पडलं की करकर. अंधारात माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा.

"आता कोण घालतंय ओ हे," दुकानदार म्हणतो. "हलकी पायजे सगळ्यांना."

या चपला बनतात तिथे, रिक्षाने सुभाषनगर. पत्र्याच्या शेडमध्ये पंखा गरम वाराच फिरवतोय. कारागीर काका मांडी घालून बसलेत, पुढ्यात दगड. रापीने कातडं तासताना पांढरट पापुद्रे गळतात. मग ठोकणं. ठक, ठक. प्रत्येक ठोक्यागणिक तळ थोडा आणखी घट्ट होतो. खिळा एकही नाही. आरीने भोक पाडायचं आणि त्यातून कातड्याचीच वादी ओवायची.

कातडं इथवर येतं तेच महिना-दीड महिन्याने. आधी चुन्यात. मग त्याची पिशवी शिवून टांगायची, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी. ते ठिपकत राहतं, पुन्हा भरायचं. ही कमावणूक ढोर समाजाची, शिवण चर्मकारांची. 1894 साली शाहू महाराज गादीवर आले, तेव्हाही गावोगाव हीच विभागणी होती. पैका मात्र क्वचितच हातात यायचा. चर्मकार बलुतेदार. पाटलाची पायताणं, विहिरीवरची मोट, आसूड, सगळं त्याने द्यायचं आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्याची वाट बघत बसायचं.

दाराशी मावशी वेणी घालतायत. केसांची नव्हे, चपलेच्या पट्ट्यावरची. दोऱ्याएवढ्या वाद्या, पाच-सहा एकदम, आणि नजर माझ्याकडे. बोटं बघत नाहीत, तरी चुकत नाहीत. दुकानात गिऱ्हाईक आधी हीच वेणी पाहतं. पाटीवर नाव असतं ते पुरुषाचं. मी हे बोलून दाखवतो. मावशी हसतात. "पाटी वाचून कोण चप्पल घेतंय व्हय?"

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. मावशींचं माहेर पलीकडचं. वेणी त्या तिकडूनच शिकून आल्या.

मी कागदावर पाय ठेवतो. काका पेन्सिल फिरवतात, अंगठ्यापाशी थांबतात, पुन्हा फिरवतात. उजवा वेगळा, डावा वेगळा. जोडी पंधरा दिवसांनी.

"आठ दिस चावंल," काका म्हणतात. "तेल लावायचं आन् घरातल्या घरात घालायची. मग पायाला बसतीया. आन् पावसात न्यायची न्हाई."